पाळीच्या दिवसांत छातीत हवा भरते, पण ओटीपोटाची सोनोग्राफी नॉर्मल आहे. हा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असू शकतो का?

असू शकतो. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाहीच, असं धरू नका.

तुम्ही लिहिलंय की बहिणीच्या उजव्या फुफ्फुसाभोवती दोनदा हवा भरली, दोन्ही वेळा पाळी सुरू झाल्यावर दोन दिवसांच्या आत, आणि उजवा खांदाही दुखतो. पाळी सुरू होण्याच्या आधीचे 24 तास ते नंतरचे 72 तास, या काळात पुन्हापुन्हा होणाऱ्या न्यूमोथोरॅक्सला (फुफ्फुसाभोवती हवा भरण्याला) छातीतल्या एंडोमेट्रिओसिसची मोठी खूण मानतात. तो बहुतेक वेळा उजवीकडेच होतो. खांद्यात मात्र काही बिघडलेलं नसतं. श्वासपटलाची (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याची) आणि खांद्याची नस मानेत एकाच ठिकाणाहून निघते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं.

आधी निदान तीन पाळ्यांची नोंद ठेवा: तारीख, दुखणं, धाप, खोकल्यातून रक्त पडलं का. सीटी स्कॅन पाळी चालू असताना करून घ्या, कारण एरवी फुफ्फुसातले डाग विरून गेलेले असू शकतात. श्वासपटलासाठी एमआरआय जास्त उपयोगी. तोही नॉर्मल आला तरी आजार नाकारता येत नाही. सीए-125 या रक्ततपासणीवर भिस्त ठेवू नका.

पक्कं निदान छातीत दुर्बीण घालून, तुकडा तपासूनच होतं. घोळ नेमका इथेच होतो. सर्जन फुफ्फुसाच्या टोकावरचे फुगे शोधतो, ते काढतो, फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटवतो आणि बाहेर येतो. श्वासपटल पाहायचं राहून जातं. पुढच्या एखाद्या पाळीला पुन्हा हवा भरते. म्हणून शस्त्रक्रियेआधी स्पष्ट विचारा: श्वासपटल पूर्ण बघणार ना? तपकिरी-जांभळे ठिपके किंवा बारीक भोकं दिसली तर तेवढा भाग कापून शिवावा लागतो, नुसते टाके पुरत नाहीत. शक्य असेल तर तारीख पाळीच्या दिवसांतली घ्या. पॅथॉलॉजिस्टला एंडोमेट्रिओसिसची शंका लेखी कळवायला सांगा, म्हणजे तो या पेशी ओळखायला ईआर, पीआर आणि सीडी10 हे स्टेन (खास रंग) लावेल.

शस्त्रक्रियेनंतर पाळी दाबून ठेवणारी औषधं सहसा किमान 6 महिने देतात: रोज डायनोजेस्टची 2 मिलिग्रॅमची गोळी, खंड न पाडता, किंवा महिन्याला ल्युप्रोलाइडचं 3.75 मिलिग्रॅमचं इंजेक्शन. डायनोजेस्टने सुरुवातीचे महिने थोडं थोडं रक्त जातं. त्याला घाबरून गोळी सोडू नका. ल्युप्रोलाइडने हाडं विरळ होतात, म्हणून ते लांबवायचं तर सोबत थोडे हार्मोन द्यावे लागतात. मूल हवं असेल तर हे आधीच सांगा, या औषधांवर असताना गर्भ राहू द्यायचा नसतो.

हाच आजार सिझेरियनच्या व्रणात, पाळीला दुखणारी गाठ म्हणून असेल तर गणित वेगळं. तिथे औषधाने दुखणं कमी होतं, गाठ जात नाही. भोवतीच्या साधारण 1 सेंटीमीटर निरोगी भागासकट ती काढावी लागते.

अचानक धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर पाळीचंच दुखणं म्हणून थांबू नका. लगेच रुग्णालयात नेऊन एक्स-रे काढा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत विमानप्रवास नको.