मतदारवर्ग की मतदारसंघ?

प्रश्न असा आहे: न्यूझीलंडवरच्या एका अनुवादात ‘माउंट अल्बर्ट हा ऑकलंडच्या उपनगरांतला मतदारवर्ग’ असं वाक्य आलं. मूळ शब्द ‘इलेक्टोरेट’. विचारणाऱ्याला ‘मतदारवर्ग’ खटकतो, पण का ते सांगता येत नाही.

खटकायलाच हवा. आपल्या सवयीच्या इंग्रजीत इलेक्टोरेट म्हणजे मतदारांचा समूह आणि कॉन्स्टिट्युअन्सी म्हणजे मतदारसंघ. न्यूझीलंडमध्ये मात्र मतदारसंघालाच इलेक्टोरेट म्हणतात. ऑस्ट्रेलियात कागदोपत्री ‘डिव्हिजन’ असलं तरी बोलण्यात तोच शब्द. त्यामुळे इथे ‘मतदारसंघ’च हवा. महिला मतदारवर्ग, तरुण मतदारवर्ग हे ठीक. पण वर्गाला हद्द नसते आणि वर्गातून कुणी निवडून येत नाही. माउंट अल्बर्टमधून येतात: हेलन क्लार्क १९८१ ते २००९ तिथल्या खासदार होत्या, जसिंडा आर्डर्न २०१७ ते २०२३. दोघी पंतप्रधान झाल्या. १९४६ पासून ही जागा मजूर पक्षाकडेच आहे, म्हणजे आपल्या भाषेत बालेकिल्ला. २०२३ मध्ये तो जेमतेम वीसेक मतांनी वाचला.

पण मला खरी गंमत ‘संघ’ या शब्दात वाटते. संघ माणसांचा असतो. तरी आपण ‘उमेदवाराने मतदारसंघ पिंजून काढला’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे गावं आणि वस्त्या येतात. माणसांचा शब्द हळूहळू जमिनीचा झाला. जुना अर्थ गेलेला मात्र नाही. आपल्या विधान परिषदेतला पदवीधर मतदारसंघ घ्या. विभागाची हद्द त्यालाही असते, पण त्या हद्दीत राहणारा प्रत्येकजण त्यात येत नाही. पदवीधर म्हणून नाव नोंदवलेला तेवढा येतो. १९३२च्या पुणे कराराबद्दल लिहिताना आपण ‘विभक्त मतदारसंघ’ म्हणतो तेही याच अर्थाने. वाद नकाशाचा नव्हता, कोणी कोणाबरोबर मत द्यायचं याचा होता. आणि तिथे मूळ इंग्रजी शब्द इलेक्टोरेटच होता! म्हणजे हा प्रतिशब्द मराठीने केव्हाच पचवलेला आहे.

न्यूझीलंडमध्येही हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. १८६७ पासून तिथे माओरींसाठी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांसाठी, वेगळे मतदारसंघ आहेत. तेव्हा चार होते, आता सात. माओरी मतदाराने आपलं नाव सर्वसाधारण यादीत ठेवायचं की माओरी यादीत, हे त्याने ठरवायचं. त्यामुळे एकाच घरातले दोन माओरी मतदार दोन वेगळ्या मतदारसंघांत असू शकतात. इथे ‘मतदारवर्ग’ लिहिलं तर निवडून येणारी जागा हरवते, आणि निव्वळ ‘विभाग’ लिहिलं तर माणसं.

एक खड्डा राहतो. १९९६ पासून तिथला मतदार दोन मतं देतो, एक पक्षाला आणि एक ‘इलेक्टोरेट व्होट’. याला ‘मतदारसंघ-मत’ म्हटलं की अख्ख्या मतदारसंघाचं मत असा भास होतो. मी सरळ ‘उमेदवाराला दिलेलं मत’ लिहीन.