गेमिंग संगणक जुळवताना पैसा कुठे घालावा?

प्रश्न : माझ्या मुलाने यंदा बारावीची परीक्षा दिली असून त्याला उत्तम दर्जाचा गेमिंग संगणक जुळवून द्यावा, असे आम्ही ठरवले आहे. आमची तयारी पावणेदोन लाख रुपयांपर्यंत आहे. एका दुकानदाराने जवळपास तेवढ्याच रकमेचे कोटेशन दिले आहे. त्यात इंटेल कोअर आय९-१४९००के प्रोसेसर, झेड७९० मदरबोर्ड, ६४ जीबी रॅम, लिक्विड कूलर, ८ जीबीचे आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड, काचेचे रंगीत दिव्यांचे कॅबिनेट आणि ‘८५० वॅट एसएमपीएस’ एवढाच उल्लेख असलेला वीजपुरवठा आहे. मॉनिटर घरातला जुना, २२ इंची फुल एचडी, ६० हर्ट्झचा वापरावा, असे ते म्हणतात. ही निवड योग्य आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : हे कोटेशन स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातील प्रत्येक वस्तू वाईट आहे असे नाही; परंतु खेळाचा अनुभव ज्या दोन वस्तूंवर सर्वाधिक अवलंबून असतो, त्या ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर यांच्यावरच हात आखडता घेतलेला आहे.

निवडीची सुरुवात नेहमी मॉनिटरपासून करावी. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० पेक्षा अधिक चित्रे दाखवूच शकत नाही, त्यामुळे आतील यंत्रणा कितीही वेगवान असली, तरी तो वेग मुलाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, २५६० × १४४० च्या पडद्यावर ३६.९ लाख आणि ४के पडद्यावर ८२.९ लाख. यातील प्रत्येक बिंदूचा रंग प्रत्येक चित्रासाठी नव्याने काढण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे असते. म्हणजे पडदा ठरला की कार्डावरचा भार ठरतो. तुमच्या रकमेत २७ इंची, २५६० × १४४० बिंदूंचा, आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग नीट दाखवणाऱ्या) पॅनेलचा आणि निदान १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्यावा, असे मी सुचवेन. ४के चा मोह टाळावा, कारण त्या पडद्याला न्याय देणारे कार्ड या रकमेत बसवताना बाकी सर्वच वस्तूंचा बळी द्यावा लागतो.

मॉनिटरनंतर उरलेल्या रकमेतला ४० ते ५० टक्के वाटा ग्राफिक्स कार्डासाठी ठेवावा. १४४० च्या पडद्यावर मोठे, नवे खेळ उच्च दर्जाच्या टेक्स्चरसह (वस्तूंच्या पृष्ठभागावरील चित्रांसह) खेळताना कार्डावरची ८ जीबी स्मृती अनेकदा अपुरी पडते. ती भरली की माहिती संगणकाच्या मुख्य रॅममधून आणावी लागते आणि खेळ मध्येच अडखळतो; हे अडखळणे सरासरी वेगाच्या आकड्यांत लपते, पण खेळणाऱ्याला लगेच जाणवते. म्हणून १६ जीबी स्मृतीचे कार्ड घ्यावे. केवळ खेळांचा विचार केला तर मार्च २०२५ मध्ये आलेले एएमडीचे आरएक्स ९०७० एक्सटी हे मला या रकमेसाठी सर्वांत समतोल वाटते. मुलाला ब्लेंडरसारख्या थ्रीडी कामाची किंवा एआयच्या प्रयोगांची ओढ असेल, तर मात्र एनव्हिडियाचे कार्ड अधिक उपयोगी ठरते, कारण त्या क्षेत्रातील पुष्कळ सॉफ्टवेअर कूडा या एनव्हिडियाच्याच तंत्रावर उभे आहे. तशा वेळी १६ जीबीच्या आरटीएक्स ५०७० टीआयचा विचार करावा. ते महाग आहे आणि त्यासाठी अन्यत्र काटकसर करावी लागेल.

आता प्रोसेसर. खेळाच्या प्रत्येक चित्राची पूर्वतयारी, म्हणजे पात्रांच्या हालचाली, टकरींचे गणित आणि काय काय रंगवायचे याची यादी, प्रोसेसर करतो आणि प्रत्यक्ष रंगकाम कार्ड करते. दोघांपैकी जो मागे पडतो त्याच्या वेगाने खेळ चालतो, आणि १४४० च्या पडद्यावर मागे पडणारा बहुधा कार्डच असतो. त्यामुळे २४ गाभ्यांच्या (कोअरच्या) आय९ चा येथे फारसा उपयोग नाही. शिवाय तो प्रोसेसर पूर्ण भाराखाली २५३ वॅटपर्यंत वीज घेतो, त्याच्या सॉकेटसाठी (मदरबोर्डवरील प्रोसेसरच्या खाचेसाठी) डेस्कटॉप संगणकांचा पुढचा मार्ग १४ व्या पिढीपाशी संपला आहे, आणि १३ व्या व १४ व्या पिढीच्या अशा प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य करून बायोसद्वारे (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरद्वारे) दुरुस्ती दिली होती व वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली होती. त्याऐवजी सहा गाभ्यांचा रायझेन ५ ७६०० घ्यावा. तो एएम५ सॉकेटचा आहे आणि या सॉकेटला २०२७ पर्यंत व त्यापुढेही आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, म्हणजे काही वर्षांनी त्याच मदरबोर्डवर नवा प्रोसेसर बसवता येईल. मुलगा प्रामुख्याने व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे स्पर्धात्मक खेळ खेळत असेल, तर भार प्रोसेसरकडे सरकतो; तेव्हा ९६ एमबी एल३ कॅशचा (प्रोसेसरमधील अतिजलद स्मृतीचा) रायझेन ७ ७८००एक्स३डी घेऊन कार्ड एक पायरी खाली आणणे शहाणपणाचे ठरेल. मुलाला हे आधी विचारून घ्यावे.

मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा पुरतो. रॅमच्या किमती २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे बऱ्याच वाढल्या आहेत, म्हणून ६४ जीबीवर पैसे घालवणे आता अधिकच चुकीचे आहे. १६ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर५-६०००, सीएल३० (विलंबाचा आकडा, कमी तितका चांगला) किंवा त्याच्या जवळपासच्या, घ्याव्यात. चार पट्ट्या लावू नयेत. रायझेन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांना ५२०० चा अधिकृत वेग आहे, तर चार पट्ट्या लावल्यावर तो ३६०० वर येतो. संगणक जुळल्यावर बायोसमध्ये एक्स्पो हा रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारा पर्याय चालू केला आहे का, हे दुकानातच पाहावे, अन्यथा ६००० साठी पैसे मोजलेली रॅम त्याहून बऱ्याच कमी वेगाने निमूटपणे चालत राहते. साठवणुकीसाठी १ टीबीचा जेन४ (चौथ्या पिढीच्या जोडणीचा) एनव्हीएमई एसएसडी पुरे. जेन५ चा जादा वेग खेळांत क्वचितच जाणवतो.

एसएमपीएसबद्दल मात्र मला आग्रहाने लिहावेसे वाटते. कोटेशनमध्ये ज्याचे नाव व मॉडेल लिहिलेले नाही, असा एसएमपीएस कधीही स्वीकारू नये. संपूर्ण संगणकाची वीज या एका पेटीतून जाते आणि ती बिघडली तर स्वतःबरोबर इतर भागही नेऊ शकते. ‘८० प्लस’ ही खूण केवळ कार्यक्षमतेची आहे. आतील कपॅसिटर कसे आहेत, अतिभार झाल्यास संरक्षण मिळते का, हे ती सांगत नाही. आरएक्स ९०७० एक्सटीसाठी ७५० वॅटची शिफारस आहे. तेव्हा नावाजलेल्या कंपनीचा, निदान पाच वर्षांच्या वॉरंटीचा ७५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारा, एसएमपीएस असेल तर दुसऱ्या मॉडेलच्या केबल त्याला लावू नयेत, कारण पिनांची मांडणी वेगळी असू शकते व त्यामुळे भाग जळतात.

तुम्ही नागपूरला राहता, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. खोलीचे तापमान जितके वाढते जवळजवळ तितकेच कार्डाचेही वाढते, म्हणून समोर काच असलेले कॅबिनेट टाळून जाळीचे, पुढे दोन व मागे एक पंखा असलेले कॅबिनेट घ्यावे. ६५ वॅट या नाममात्र वर्गातल्या रायझेन ५ ७६०० ला लिक्विड कूलरची गरज नाही. साधा टॉवर एअर कूलर पुरतो. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते ना, हे कंपनीच्या माहितीपत्रकातून पडताळून घ्यावे. खोकी तुमच्यासमोर उघडावीत आणि जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. पूर्ण संगणकाचे एकच एकत्रित बिल वॉरंटीच्या वेळी फार त्रास देते.

प्रश्न : वापरलेले १० जीबीचे आरटीएक्स ३०८० कार्ड स्वस्तात मिळत आहे. ते क्रिप्टो मायनिंगसाठी वापरलेले असण्याची शक्यता आहे. घ्यावे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची, म्हणजे कार्डांवर सतत गणिते करून चलन मिळवण्याची, पद्धत सोडली आणि अशी असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. मायनिंगमुळे कार्डाची चिप सहसा निकामी होत नाही. झिजतात ते पंखे, आणि सतत तापून सुकतात ते स्मृतीच्या चिपांवरील, उष्णता बाहेर नेणारे थर्मल पॅड. म्हणून पैसे देण्यापूर्वी अर्धा तास जड खेळ किंवा चाचणी चालवून एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये स्मृतीचे तापमान पाहावे. ते ११० अंशांकडे जात असेल, तर कार्ड स्वतःचा वेग कमी करू लागते व पॅड बदलणे अटळ होते. हे कार्ड ३२० वॅट वीज घेते, तर क्षमतेने त्याच्या जवळपास असलेले १६ जीबीचे आरटीएक्स ५०६० टीआय १८० वॅटमध्ये काम भागवते आणि नवी वॉरंटी देते. तुमचा एसएमपीएस ७५० वॅटचा नसेल तर त्याचाही खर्च हिशेबात धरावा. एवढे सगळे धरून नव्या कार्डाच्या निम्म्याहून कमी किंमत पडत असेल तरच हा व्यवहार करावा.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते. घरात इन्व्हर्टर आहे. गेमिंग संगणक त्यावर चालेल का, की ६०० व्हीएचा यूपीएस घ्यावा? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : ६०० व्हीएचे बहुतेक घरगुती यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच भार पेलतात. वर सुचवल्यासारख्या संगणकात ३०० वॅटचे कार्ड, भार पडल्यावर ८८ वॅटपर्यंत वीज घेणारा प्रोसेसर, उरलेले भाग आणि मॉनिटर यांची बेरीज खेळताना साडेचारशे वॅटच्या वर जाते, म्हणून वीज जाताच असा यूपीएस बंद पडेल. ६०० वॅट किंवा अधिक वॅट स्पष्ट लिहिलेला, शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर) देणारा यूपीएस घ्यावा. खोक्यावरील व्हीएचा आकडा पाहून फसू नये. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल व त्यावर यूपीएस मोडचे बटण असेल, तर संगणक चालू शकतो. मात्र वीज गेल्यापासून इन्व्हर्टर चालू होईपर्यंतचा क्षण एसएमपीएसला स्वतःच्या साठ्यावर काढावा लागतो, आणि चांगला एसएमपीएस पूर्ण भाराजवळ फक्त १५ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. नेहमीच्या मोडमध्ये इन्व्हर्टरला याहून अधिक वेळ लागला तर संगणक पुन्हा सुरू होईल. यूपीएस घेण्याआधी संगणकाच्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून मोजून घ्यावे. जुन्या घरांत तिसरे छिद्र असते आणि त्यामागे वायर नसते. तसे असेल तर आधी अर्थिंगवर खर्च करावा, मग यूपीएसवर.