आठ वर्षांच्या मुलीसाठी कोणत्या साइझचं व्हायोलिन घ्यावं?

तुमची मुलगी आठ वर्षांची आहे आणि नुकतीच हिंदुस्थानी पद्धतीचं व्हायोलिन शिकायला लागली आहे. क्लासच्या बाई हाफ साइझ घ्या म्हणतात. लक्ष्मी रोडच्या दुकानदाराने थ्री बाय फोर सुचवलंय, म्हणजे दोन वर्षं पुन्हा बघायला नको. शिवाय घरी तिच्या काकांचं फुल साइझ पडून आहे. यातलं कुठलं, हा तुमचा प्रश्न.

बाईंचं ऐका. मी कोथरूडमध्ये लहान मुलांना व्हायोलिन शिकवते आणि हा प्रश्न दर जूनमध्ये, नवी बॅच सुरू झाली की पालक विचारतातच. शाळेचा गणवेश आपण वाढत्या मापाचा घेतो, बाही दुमडली की काम भागतं. व्हायोलिनचं तसं भागत नाही. मोठं वाद्य हातात आलं की मूल ते पेलण्यासाठी शरीर वाकडं करतं: डावा खांदा वर जातो, मनगट आत मोडतं, अंगठा दांडीला घट्ट धरून बसतो. या सवयी सहा महिन्यांत पक्क्या होतात आणि पुढे योग्य मापाचं वाद्य आलं तरी सुटता सुटत नाहीत.

त्याहून मला जास्त काळजी वाटते ती कानाची. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात, सूर बोटाने शोधायचा असतो. बोट जागेपर्यंत पोचत नसेल तर गंधार (ग) रोज थोडा उतरलेला, म्हणजे खालचा लागतो, मध्यमही (म) तसाच. मोठ्या माणसाला ते खटकतं. आठ वर्षांचं मूल मात्र तोच उतरलेला गंधार रोज अर्धा तास ऐकतं आणि हळूहळू त्यालाच बरोबर समजायला लागतं. बोटांची ठेवण सुधारता येते, पण चुकीचा बसलेला कान सुधारायला फार वेळ लागतो.

काही जण म्हणतात, आपल्या पद्धतीत हात सरकवूनच वाजवायचं असतं, करंगळीचा उपयोगही कमी, मग मापाचं एवढं काय? उलट आपल्याकडेच माप जास्त जपावं लागतं. हिंदुस्थानी व्हायोलिनवादक डॉ. एन. राजम यांचं गायकी अंगाचं, म्हणजे गळ्यातून गायल्यासारखं वादन ऐका. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना बोट तारेवरून किती अलगद सरकतं! ती मींड येण्यासाठी डावा हात पूर्ण मोकळा हवा. ताणलेला हात सरकत नाही, तो उड्या मारतो.

आता माप कसं घ्यायचं ते. मुलीला उभं करा, डावा हात खांद्याच्या उंचीवर बाजूला सरळ करायला सांगा, तळवा वर. शिवणाची टेप मानेच्या बुंध्यापासून तळहाताच्या मध्यापर्यंत लावा. साधारण २० ते २१.५ इंच भरलं तर हाफ, २२ च्या आसपास असेल तर थ्री बाय फोर, २३ च्या पुढे फुल. १८.५ ते २० च्या मध्ये असेल तर वन बाय फोर. दोन मापांच्या सीमेवर असेल तर डोळे झाकून लहान घ्या. वयावरून ठरवू नका. माझ्याकडे आठ वर्षांची मुलं वन बाय फोरवरही आहेत आणि हाफवरही.

हाफ म्हणजे लांबीने अर्धं, असं नाही. फुल साइझच्या पेटीची (दांडी सोडून वाद्याच्या पोकळ लाकडी भागाची) लांबी सुमारे ३५.५ सेंटिमीटर, थ्री बाय फोरची ३३.५, हाफची ३१.५ च्या जवळपास. दुकानात हाफ आणि थ्री बाय फोर शेजारी ठेवली की फरक किरकोळ वाटतो आणि तिथेच पालक मोठ्याकडे झुकतात. तो दोन सेंटिमीटरचा फरक मुलीच्या बोटांना मात्र चांगलाच जाणवतो.

टेपवर पूर्ण भिस्त ठेवू नका, मुलीला दुकानात घेऊन जा. व्हायोलिन खांद्यावर ठेवून डाव्या हाताने स्क्रोल, म्हणजे दांडीच्या टोकाचा गुंडाळीसारखा भाग, पकडायला सांगा. बोटं सहज वळली आणि कोपर थोडं वाकलेलं राहिलं तर माप बरोबर. कोपर पूर्ण ताठ झालं तर वाद्य मोठं. मग तिला मांडी घालून खाली बसवा, कारण ती रोज वाजवणार आहे ते तसंच. स्क्रोल उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकवून वाद्य छाती-खांद्याशी आलं की पाठ सरळ राहते का बघा. वाद्य फार लहान असेल तर ती पुढे वाकेल, मोठं असेल तर मागे रेलेल. दुकानात खाली बसायला संकोच करू नका. जो दुकानदार सतरंजी टाकून देईल त्याच्याकडून घ्या.

गजही (बो) त्याच मापाचा हवा. हाफ व्हायोलिनला मोठा गज दिला तर टोकापर्यंत ओढताना उजवा हात मागे जातो आणि गज तारेवर तिरका होतो. तारांचंही तसंच, हाफला हाफच्याच तारा. फुलच्या तारा लावल्या तर त्या ढिल्या पडतात आणि आवाज मेल्यासारखा येतो.

काकांचं व्हायोलिन आत्ता देऊ नका, पण विकूही नका. अकरा-बारा वर्षांची झाली की तिला तेच लागेल. एकदा जाणकाराला दाखवून घ्या: एफच्या आकाराच्या भोकातून आत डोकावलं की साउंडपोस्टची काडी उभी दिसायला हवी, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी वाकलेली नको, पेटीला चीर नको. पुण्याच्या पावसाळ्यात तारा पिळायच्या खुंट्या फुगून घट्ट बसतात. त्या जोर लावून फिरवू नका, तुटतात.

हाफ साइझसाठी नवंच हवं असं नाही. क्लासमधल्या मोठ्या मुलांची वापरलेली लहान व्हायोलिन बहुतेक वेळा कपाटावर पडलेली असतात. बाईंना विचारा, ग्रुपवर एक मेसेज टाका. साउंडपोस्ट, घोडी आणि चीर या तीन गोष्टी त्यातही तपासा. म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा खर्च, ही दुकानदाराने घातलेली भीतीही उरत नाही.

माप बदलायची वेळ कधी येते? बोटं एकमेकांवर चढायला लागली, मांडी घालून बसल्यावर ती वाद्यावर ओणवी व्हायला लागली, की टेप पुन्हा काढा. मी दर सहा महिन्यांनी मोजते. नव्या मापावर सुरांमधली अंतरं वाढतात, त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे ती बेसूर वाजवेल. तेव्हा घाबरू नका, फिंगरबोर्डवर चिकटवलेल्या खुणेच्या पट्ट्या बाईंकडून नव्याने लावून घ्या आणि सगळी गाणी बाजूला ठेवून फक्त तानपुऱ्याबरोबर लांब सूर वाजवू द्या. परीक्षेच्या किंवा कार्यक्रमाच्या तोंडावर मात्र वाद्य बदलू नका. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी त्यासाठी सगळ्यात सोयीची.