जुनी स्पॅनिश दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) की जुनी अमेरिकन पार्कर, किमतीला कोणती भारी?

बहुतेक वेळा पार्करच. कनेक्टिकटमधल्या मेरिडेनची ही कंपनी 1934 मध्ये रेमिंग्टन या बंदूक कंपनीने विकत घेतली, आणि 1940 च्या दशकात उत्पादन थांबलं. म्हणूनच संग्राहक तिच्यावर तुटून पडतात. पण नुसत्या नावावर जाऊ नका. चापाच्या वरच्या पोलादी भागावर निळसर-तपकिरी ढगांसारखी मूळ छटा उरली असेल, तर भाव चढतो. कुणी हौसेने घासून चकचकीत केली असेल, तर तोच भाव धाडकन उतरतो.

जुन्या स्पॅनिश दुनळ्या बहुतेक उत्तर स्पेनमधल्या बास्क भागातल्या, एइबार गावच्या. तिथल्या एवायए कंपनीच्या साइडलॉक (चापाची यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेल्या) दुनळ्या लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक कंपनीच्या धर्तीवर घडवलेल्या आहेत. एइबारहून स्वस्त मालही भरपूर निघाला, त्यामुळे चांगल्या बंदुकांचाही भाव दबला. माझ्या मते हा अन्याय आहे. संग्रहासाठी नाही, वापरायला दुनळी हवी असेल, तर पैसे इथेच वसूल होतात.

कोणत्याही जुन्या बंदुकीच्या नळीवर दमास्कसची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या नळीची, वेटोळी नक्षी दिसली, तर जाणकार कारागिराला दाखवल्याशिवाय तिच्यात आजचं काडतूस घालूच नका.