कर्नल अपडेटनंतर लॅपटॉपचं वायफाय गायब. दुकानदार कार्ड बदला म्हणतो, बदलावं का?

नका बदलू, निदान आज तरी. तुम्ही लिहिलंय की उबुंटू २२.०४ (लिनक्स) आहे, वायफाय ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, रात्री अपडेटमध्ये नवं कर्नल (सिस्टिमचा गाभा) आलं, सकाळी वायफायचं चिन्हच नाही, आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात 'कार्ड उडालं' म्हणून सांगितलं. अपडेट आलं त्याच रात्री कार्डही उडावं, हे जरा जास्तच झालं. याचा निकाल पाच मिनिटांत आणि फुकट लागतो.

लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि कंपनीचा लोगो दिसताच एस्केप एकदाच दाबा (जुन्या बायोसचं मशीन असेल तर शिफ्ट धरून ठेवा). 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचं कर्नल निवडा. त्यात वायफाय चाललं, तर कार्ड ठणठणीत आहे. दुरुस्ती होईपर्यंत त्यावरच काम करा, आणि तोवर 'ऑटोरिमूव्ह' (जुनी, नको असलेली पॅकेजं काढणारी कमांड) अजिबात चालवू नका.

इंटेलच्या कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) कर्नलसोबतच येतो. तुमच्या चिपचा 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर तसा येत नाही. तो दर नव्या कर्नलसाठी तुमच्याच मशीनवर कंपाइल होतो (मूळ कोडपासून बनतो), हे काम डीकेएमएस नावाचं साधन करतं, आणि त्यासाठी त्याच कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फायली) लागतात. बहुतेक वेळा घोळ इथेच असतो: कुणीतरी कधीकाळी एकाच आवृत्तीचे हेडर्स हाताने टाकलेले असतात. नवं कर्नल येतं, हेडर्स येत नाहीत, ड्रायव्हर बनत नाही.

आता नव्या कर्नलमध्ये बूट करा. इंटरनेटसाठी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलमधून देणं) सुरू करा. अँड्रॉइड फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा जळत नाही. फक्त केबल नीट हवी. लोकलमध्ये घेतलेल्या स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा चार्जिंगच्याच तारा असतात, मग टेदरिंगचा पर्याय फिकाच राहतो.

पुढच्या कमांड टर्मिनलमध्ये टाकायच्या आहेत. त्या देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमन स्मॉल अक्षरं वापरा.

'एलएसपीसीआय -एनएनके' टाका. ब्रॉडकॉमच्या ओळीत १४ई४:४३६५ दिसेल. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज: डब्ल्यूएल' ही ओळ नसेल, तर निदान पक्कं. मग 'डीकेएमएस स्टेटस' बघा: बीसीएमडब्ल्यूएलपुढे जुन्या कर्नलचा आकडा असेल, नव्याचा नसेल.

आता 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-$(यूनेम -आर)', त्यानंतर 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल', शेवटी 'सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल'. चिन्ह आलं तर इथेच थांबू नका. 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४' हे पॅकेजही टाका (एचडब्ल्यूई, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठीचं कर्नल नसेल तर नुसतं 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक'). हे केलं नाही तर पुढच्या कर्नलला पुन्हा हीच रडारड.

ऑटोइन्स्टॉल फसलं तर एररमध्येच मेक.लॉग फाइलचा पत्ता असतो. तिच्यात 'जीसीसी-१२: नॉट फाउंड' आहे का बघा. २२.०४ चा नेहमीचा कंपायलर जीसीसी-११ आहे, पण त्यावर येणारी ६.५ आणि पुढची कर्नल जीसीसी-१२ ने बनलेली असतात. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीसीसी-१२' करून ऑटोइन्स्टॉल पुन्हा चालवा.

ड्रायव्हर बनला, पण मॉडप्रोब 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' म्हणतंय? मग सिक्युअर बूट (सही नसलेला ड्रायव्हर अडवणारी सुरक्षा) आडवं आलंय. बंद करायची गरज नाही. 'सुडो मॉकयूटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मॉक/मॉक.डीईआर' चालवा ('मॉक' म्हणजे एम-ओ-के; यातलं फाइलचं नाव 'मॉक' कॅपिटलमध्ये, फोल्डरचं स्मॉलमध्ये). किमान ८ अक्षरांचा तात्पुरता पासवर्ड द्या आणि रीस्टार्ट करा. निळा पडदा येतो, तो दहाच सेकंद थांबतो, तेवढ्यात कोणतंही बटण दाबा. 'एनरोल मॉक', 'कंटिन्यू', 'येस', मग तोच पासवर्ड. टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, आणि कीबोर्ड तिथे अमेरिकन मांडणीचा धरला जातो, म्हणून पासवर्डात चिन्हं टाळा. पडदा चुकला तर इम्पोर्टपासून पुन्हा.

जुन्या कर्नलमध्येही वायफाय नसेल आणि एलएसपीसीआयमध्ये ब्रॉडकॉमची ओळच नसेल, तरच कार्डावर संशय घ्या. आधी बॅटरी काढून कार्ड खाचेत नीट बसवून बघा. बदलायचंच झालं तर लक्षात घ्या, काही जुन्या लॅपटॉपचं बायोस परकं कार्ड घेतच नाही. त्यापेक्षा यूएसबी डोंगल बरा. दुकानात 'एसी१२००' एवढं ऐकून पैसे देऊ नका, आतली चिप विचारा: मीडियाटेक एमटी७६१२यू असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, डीकेएमएसची कटकट नाही.