बाथटबच्या निचऱ्याला व्हेंट पाइप आवश्यक आहे का?
नागपुरातील घराच्या पहिल्या मजल्यावर टब बसवताना, ट्रॅप (निचऱ्याखालचा, पाणी साठवून गटाराचा वास अडवणारा वाकडा पाइप) असल्यावर व्हेंट (निचऱ्याच्या पाइपात हवा येऊ देणारा पाइप) कशाला, असे प्लंबर म्हणतो, हा आपला प्रश्न आहे. टबाचा पाइप गच्चीवर उघड्या असलेल्या उभ्या पाइपाला अगदी लागून असेल, तर त्याचे म्हणणे चालेल, एरवी नाही. टब रिकामा होताना पाणी पाइप भरून वाहते, त्यामागे पोकळी निर्माण होते आणि ती ट्रॅपमधले जेमतेम ५० मिलिमीटर पाणीही ओढून नेऊ शकते. शेवटचा गुडगुड आवाज ही त्याची खूण असू शकते, आणि ट्रॅप रिकामा झाला तर गटाराचा वास थेट न्हाणीघरात येतो. म्हणून ट्रॅपच्या पुढे, आडव्या पाइपाच्या वरच्या अंगाला टी (तीन तोंडांचा जोड) बसवून व्हेंट वर न्यावा, टबाच्या काठाहून उंच गेल्यावरच तो वळवावा आणि गच्चीवर जाळीची टोपी लावून मोकळा सोडावा. निचऱ्याच्या आडव्या पाइपाला मीटरमागे २५ मिलिमीटर उतार ठेवावा आणि भराव घालण्यापूर्वी टब भरून एकदा सोडून पाहावा. मात्र आपल्याकडच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना न वापरलेला ट्रॅप व्हेंट असूनही सुकतो. तेव्हा अधूनमधून तांब्याभर पाणी ओतावे.