वही तुझी, अक्षर त्यांचं

पोरी,

रात्री दीडला पाठवलेला तुझा निरोप सकाळी चहाबरोबर वाचला. ६२ हजार फॉलोअर, आणि टाकळ्याच्या भाजीचं रील पाहिलं अकराशे जणांनी. रडू येणारच. पण शेवटी जे विचारलंस, "एक जण दहा हजार नंबरांची यादी देतोय, घेऊ का?", ते वाचून कप खाली ठेवला. नको घेऊस. त्या दहा हजारांतल्या एकानेही तुला आपला नंबर दिलेला नाही.

माझं परसबागेचं मासिक तू पाहिलेलं नाहीस. सोळा पानांचं होतं. वर्गणीदारांची लाल कापडी बांधणीची वही होती, ६४० नावांची. प्रत्येकाने स्वतःहून मनीऑर्डर केलेली; कुपनावर पत्ता, आणि खाली "दुधीला फळ धरत नाही, काय करू?" असं काहीबाही. मग फुकटात हजारो वाचक मिळतात म्हणून मी मासिक बंद केलं आणि एका समाजमाध्यमावर पान उघडलं. ३१ हजार जमले. वही माळ्यावर गेली. एके दिवशी पानाचा ताबा कुणीतरी घेतला आणि लक्षात आलं, या ३१ हजारांपैकी एकाचाही पत्ता माझ्याजवळ नाही. ६४० मात्र माळ्यावर होते, वाळवी लागलेले.

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला मिटलं. टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पोरापोरींचे चाहते एका रात्रीत हातचे गेले. तेव्हा तू शाळेत असशील.

आता माझी खरी चूक. ती लिहायला मला आवडत नाही. पान गेल्यावर मी घाबरलो. सोसायटीची यादी, पुतण्याच्या लग्नाची यादी, मिळेल तो नंबर घेऊन ग्रुप केला. कुणालाही विचारलं नाही. चांगली माहिती देतोय, त्यात विचारायचं काय, असं वाटलं. तासाभरात "ग्रुप सोडला", "ग्रुप सोडला" अशी रांग लागली. संध्याकाळी माझ्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "अरे, विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं." त्या परत आल्या नाहीत.

म्हणून सांगतो, विचार. नाव तुझ्या वहीत हवं आणि ते ज्याचं त्याने लिहिलेलं हवं. कमेंट केली म्हणजे नंबर दिला असं होत नाही. मागच्या वर्षी लोणचं मागवताना दिलेला नंबर लोणच्यापुरताच. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच म्हणतो: संमती विशिष्ट कामासाठी असते आणि ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं हवं. पण कायद्याच्या धाकाने करू नकोस. बाईंच्या फोनच्या धाकाने कर.

करायचं काय, तर रीलच्या शेवटी नंबर दे आणि म्हण, "माझा नंबर सेव्ह करा आणि 'रानभाजी' एवढंच लिहून पाठवा. दर रविवारी एक निरोप येईल: या आठवड्यात काय उगवलंय, कसं ओळखायचं, कसं निवडायचं. नको झालं तर 'नको' लिहा." व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा पोचवणाऱ्या यादीत, २५६ जण मावतात, आणि ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. तुला ही अडचण वाटते; मला तो उंबरठा वाटतो. सेव्ह करण्याचे कष्ट ज्याने घेतले, तो वाचतो.

व्हॉट्सॲपचं चॅनेल काढ की, कोण नको म्हणतंय? भारतात सप्टेंबर २०२३ पासून ते आहेच. पण तिथे अनोळखी फॉलोअरचा नंबर तुला दिसत नाही. तो गावच्या चौकातला फळा, चौक दुसऱ्याचा. ईमेलची यादी मला सगळ्यांत जवळची, कारण ती उतरवून घेऊन दुसरीकडे नेता येते. पत्ता लिहिल्यावर "खरंच हवंय ना?" असा एक मेल जाऊ दे आणि त्यातली लिंक दाबली तरच नाव घाल. गळती होईल. होऊ दे! आणि कबूल केलंस रविवार, तर बुधवारी "मसाला घ्या" म्हणून टपकू नकोस. लोक रविवारला हो म्हणालेत.

माझा भाचा माझ्या ईमेलच्या यादीला हसतो. म्हणतो, मामा, २१२ लोकांना मेल पाठवून काय मिळतं? त्याला काय सांगू? गेल्या खेपेला पावट्याच्या बियाण्याबद्दल लिहिलं, तर १९ उत्तरं आली. ३१ हजारांच्या पानावर मला एवढी खरी उत्तरं कधी आली नव्हती. कदाचित मी हे स्वतःची समजूत घालायला म्हणत असेन. असेना.

यादी विकणाऱ्याला आजच नाही कळव. आणि हो, त्या २१२ मध्ये तू नाहीस. तुझा ईमेल माझ्याकडे दोन वर्षांपासून आहे, पण तू कधी मागितलं नाहीस, म्हणून घातलं नाही. हवं असेल तर तसं लिही.

तुझा,
काका